जुन्या हवाई फोटोत पुणे शोधताना

कृष्णधवल फोटो हाती आला की आधी तो उलटा छापला गेलेला नाही ना, ते बघा. शनिवारवाडा मुठेच्या उजव्या काठावर, पर्वती त्याच्या दक्षिणेला. हे जुळत नसेल तर आरसाप्रतिमा समजा.

मग सावल्या. हिवाळ्यातल्या फोटोत सावली उत्तरेकडे पडते, त्यामुळे उत्तर वर ठेवली की पर्वती टेकडीऐवजी खड्डा दिसू लागते. फोटो फिरवून सावली आपल्याकडे आणा, उठाव लगेच जागेवर येतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो खडकवासल्याचा उजवा कालवा. पांढुरक्या काठांमुळे तो थेट रस्ता वाटतो. पण कालवा चढ-उतार घेत नाही, समपातळी धरून टेकडीला वळसा घालतो. रस्ता सरळ चढतो. रेल्वेची वळणं लांबलचक असतात, काटकोनात ती कधीच वळत नाही. जुना हमरस्ता ओळखायचा तो दुतर्फा वडांच्या काळ्या ठिपक्यांवरून. बुजलेली गाडीवाट मात्र आजच्या तिरक्या प्लॉटहद्दींत शोधावी.

प्रमाण सोपं आहे: आजही उभ्या असलेल्या दोन खुणांमधलं अंतर जमिनीवर ९०० मीटर आणि फोटोत ६ सेंमी असेल, तर १:१५,०००. खुणा मध्यभागातल्या घ्या, कडेला उंच वस्तू बाहेर कलतात.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो आजच्या नकाशावर बसवताना जुळणीच्या खुणा म्हणून देवळं आणि जुने चौक धरा. नदीचा काठ नको, तो सरकतो. दुसऱ्या घाताच्या बहुपदीला (फोटो ताणून-वाकवून नकाशावर बसवणाऱ्या सूत्राला) असे किमान ६ बिंदू लागतात, १०-१२ घेतलेले बरे.

बालगंधर्व रंगमंदिर दिसलं नाही तर फोटो बहुधा १९६८ च्या आधीचा.