जुनं फॅक्स सॉफ्टवेअर, नवा मोडेम : आधी क्लास तपासा

कॉम्प्युटरवरून फॅक्स पाठवणाऱ्या विनफॅक्स प्रो या प्रोग्रामची विक्री २००६ मध्ये बंद झाली, तरी सगळे नंबर आणि कव्हर पेज त्यातच असल्यामुळे अनेकांना ते सोडवत नाही. जुना मोडेम गेला म्हणून नवा यूएसबी मोडेम लावला, की डायल होतं, पलीकडून शिट्टी ऐकू येते आणि पान न जाताच लाइन कटते. मोडेम परत करायची घाई करू नका. बहुतेक वेळा तो चांगला असतो, फक्त सॉफ्टवेअर त्याच्याशी चुकीच्या क्लासमध्ये, म्हणजे फॅक्स कमांडच्या चुकीच्या संचात, बोलत असतं.

मोडेमला थेट कमांड देता येणारा पुटीसारखा टर्मिनल प्रोग्राम उघडा, मोडेमचा कॉम पोर्ट (विंडोजने त्याच्या जोडणीला दिलेला नंबर) निवडा, वेग १९२०० ठेवा. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप रोमन अक्षरांतच करायच्या.) 'एटी'ला 'ओके' आलं की 'एटी+एफक्लास=?' द्या. उत्तर '०,१,१.०,२' किंवा '०,१,२.०' असं काहीसं येईल. ० म्हणजे डेटा, बाकीचे आकडे फॅक्सचे.

क्लास १ मध्ये टी.३० हा फॅक्सचा सगळा संवाद सॉफ्टवेअर सांभाळतं, मोडेम फक्त सूर काढतो आणि ऐकतो. क्लास २ आणि २.० मध्ये तो संवाद मोडेम स्वतः करतो. पण २ आणि २.० एक नव्हेत. २ हा मानक पक्कं होण्याआधीच्या मसुद्यावर बेतलेला, २.० हे नंतरचं मानक. आपला फॅक्स नंबर कळवायला २ मध्ये 'एफएलआयडी' ही कमांड लागते, २.० मध्ये 'एफएलआय'. सॉफ्टवेअरने भलताच क्लास धरला, की मोडेम तिथेच 'एरर' म्हणतो.

म्हणून क्लास आपोआप ओळखण्यावर सोडू नका, हाताने निवडा. मोडेम आणि सॉफ्टवेअर दोघांनाही २.० येत असेल तर तो, नाही तर १. मसुद्यातला २ अगदी शेवटी वापरावा, कारण तो प्रत्येक मोडेममध्ये थोडा वेगळा उतरला आहे. 'कनेक्ट' नंतर मोडेमने एक्सऑन (आता डेटा पाठवा, असं सांगणारं अक्षर) पाठवलंच नाही आणि सॉफ्टवेअर त्याची वाट पाहत बसलं, की पान अडकतं. आलेली पानं नुसती काळी-पांढरी खिचडी दिसत असतील, तर बिटांचा क्रम उलटा आहे. तो क्रम ठरवणारी 'एफबीओआर' ही सेटिंग बदलून पाहा.

क्लास १ चं दुखणं वेळेचं. वेग कळवणारा संदेश आणि त्यानंतरचा दीड सेकंदाचा चाचणी सिग्नल यांत ७५ मिलिसेकंदांचं अंतर हवं, फार तर २० इकडेतिकडे. कॉम्प्युटर रेंगाळला की पलीकडचं मशीन ही चाचणी (ट्रेनिंग) नाकारतं, वेग १४४०० वरून उतरत जातो आणि शेवटी लाइन तुटते. सीरियल मोडेम एफटीडीआय चिपच्या यूएसबी अडॅप्टरवर असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमधला लेटन्सी टायमर (डेटा किती मिलिसेकंद रोखून मग पुढे द्यायचा ते) १६ वरून १ करा. या एका बदलाने बराच फरक पडतो.

तिथेच पोर्ट नंबरही पाहा. जुने प्रोग्राम पोर्ट साध्या नावाने उघडतात आणि विंडोजमध्ये तसं फक्त कॉम९ पर्यंतच चालतं. नव्या मोडेमला कॉम१२ मिळाला असेल तर रिकामा असलेला कॉम३ किंवा कॉम४ द्या.

पानाचा वरचा भाग नीट आणि खाली ओळी गायब, असं झालं तर फ्लो कंट्रोल (कॉम्प्युटर आणि मोडेम एकमेकांना 'थांब', 'पाठव' सांगतात ती सोय) चुकलंय. सॉफ्टवेअर मोडेमला सुरुवातीला पाठवतं त्या कमांडच्या ओळीत रॉकवेल-कोनेक्संट चिपला '&के३' द्या, यूएस रोबोटिक्सला '&एच१&आर२'. मोडेम 'नो डायलटोन' म्हणत असेल तर त्याच ओळीत 'एक्स३' जोडा, मग तो डायलटोन न ऐकताच डायल करतो. अमेरिकेचा डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झचा, आपला ४०० च्या आसपासचा. बऱ्याच मोडेमना 'एटी+जीसीआय=५३' ने भारत सांगता येतो.

६४-बिट विंडोजवर विनफॅक्सचा ३२-बिट प्रिंटर ड्रायव्हर चढतच नाही, म्हणून ३२-बिट एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) करून मोडेमचं यूएसबी आत द्यावं लागतं. तिथे वेळ आणखी डळमळते, त्यामुळे क्लास १ टाळा. मोडेम स्वतःचा कंट्रोलर असलेला घ्या. ड्रायव्हरवर चालणारा स्वस्त सॉफ्टमोडेम तिथे नको. फायबरच्या फोन पोर्टवरून पाठवत असाल तर वेग आधी ९६०० वर बांधा, दोन-तीन पानं नीट गेली की मग १४४०० करून पाहा.