मध्यमाचा बझ पावसाबरोबर परत आला

माझी रेझो म्हणजे रेझोनेटर गिटार, आवाज मोठा करायला पोटात ॲल्युमिनियमचा पातळ कोन असलेली. मध्यमावरचा बझ गेला म्हणून मे महिन्यातल्या नोंदीत ‘रेझो आता एकदम स्वच्छ’ असं लिहून मी मोकळा झालो होतो. मिरग लागला, वेंगुर्ल्यात संततधार सुरू झाली आणि मध्यमावर तोच बझ, म्हणजे पत्र्यासारखी भणभण, पुन्हा हजर. भजनात एखाद्याच टाळाची दोरी सैल असावी तसा, सूर विझताना मागे रेंगाळणारा.

सेटअप बदललेला नाही. स्क्वेअर नेक (मांडीवर आडवी ठेवून तारांवर बार सरकवत वाजवायची), १०.५ इंची कोन, त्यावर आठ पायांचा स्पायडर ब्रिज, जाड तारेकडून जी-बी-डी-जी-बी-डी. सा पांढरी पाच, म्हणजे जी; तेव्हा मध्यम म्हणजे सी.

या खेपेला आधी तार आणि सूर वेगळे काढले (तारांचे नंबर बारीक तारेकडून). तिसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर बझ. दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यावर बझ. चौथ्या तारेवर दहाव्यावर बझ. तिन्ही जागा एकाच सी-च्या, साधारण २६२ हर्ट्झच्या. म्हणजे नट (नेकच्या टोकाची तारांची पट्टी), तार आणि सॅडलच्या (ब्रिजवरच्या पट्टीच्या) खाचा तिथल्या तिथे सुटल्या. खाच बिघडली असती तर बझ त्या एका तारेला चिकटून राहिला असता. हा सुराला चिकटलेला आहे, तेव्हा आत काहीतरी त्या सुराला थरथरतंय. (भूप वाजवला तर गिटार निर्दोष. मध्यम वर्ज्य! पावसाळाभर भूपच वाजव, असा घरचा सल्ला मिळाला आहे.)

मग नेहमीचे संशयित. टेलपीसखाली, म्हणजे तारांची मागची टोकं अडकतात त्या पट्टीखाली, फेल्ट आहेच. जाळ्या अंगठ्याने दाबून पाहिल्या, गप्प. कव्हरप्लेटचे (कोनावरच्या झाकणाचे) स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी सैल-घट्ट केले, फरक शून्य. मूळचे स्क्रू तांबेरून गेले होते, ते मागेच बदलले. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी मालवणला होड्यांचं सामान मिळतं तिथून ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू आणावेत. पितळी स्क्रू दिसायला छान, पण पेचकसाला जरा जोर लागला की डोकं हातात येतं.

टेन्शन स्क्रूबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बझ आला की पहिला हात तिथे जातो आणि माणूस पिळत सुटतो. स्पायडरच्या मध्याला कोनाच्या मध्याशी बांधून ठेवणं एवढंच त्याचं काम. टेकल्यावर अर्धा फेरा पुरे. त्यापुढे आवाज गळा आवळल्यासारखा होतो आणि बझ तर तसाच राहतो.

तोवर आमचे पेटीवाले काका चहाला आले. अर्ध्या तालुक्यातल्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या हाताखालून जातात. त्यांनी कव्हरप्लेटवर तळवा ठेवला, मला सी छेडायला लावला आणि म्हणाले, “कोनाक काय झाला नाय. बैठक बघ आदी.” पावसात पेटीचं लाकूड फुगून हवा कुठून गळते ते शोधण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे त्यांचं ऐकलं.

स्पायडरवाल्या गिटारीत तारांचा दाब सॅडलवरून स्पायडरच्या आठ पायांत, पायांतून कोनाच्या काठावर आणि काठावरून साउंडवेलच्या (कोन बसतो त्या गोल घराच्या) लाकडी कडेवर जातो. यांतली एक जरी जागा नीट टेकली नसली तरी तिथला पत्रा आपला सूर गाठून बोलायला लागतो. लेथवर काम करणारे अशा ठिकाणी मार्किंग ब्लू, म्हणजे कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग, वापरतात. मी घरातलं काजळ घेतलं. आधी स्पायडरच्या पायांना लावून स्पायडर काचेवर ठेवला: आठच्या आठ ठसे उमटले. पाय सुटले. मग कोनाच्या काठाला खालून काजळाचा पातळ हात दिला, कोन बसवला, स्पायडर ठेवला आणि कव्हरप्लेट न लावता तारा पूर्ण सुराला चढवल्या. थोड्या वेळाने उतरवून पाहिलं तर कडेवर काळी गोल रेघ सलग उमटलेली, फक्त एका जागी तुटलेली. नेक बारावर धरला तर घड्याळात साडेतीन ते पाचच्या मधली जागा, बारीक तारांच्या बाजूची. तिथे लाकूड अगदी कोरं.

खात्री म्हणून पुन्हा तारा चढवल्या. चिरंजीव सी छेडत राहिले आणि मी कुल्फीच्या काडीने कोनाचा काठ जागोजाग दाबत फिरलो. चारच्या आकड्याला काडी टेकली आणि बझ कात्रीने कापल्यासारखा थांबला. काडी उचलली, परत सुरू. हा खेळ आम्ही गरजेपेक्षा बराच जास्त वेळ खेळलो.

भिंग लावलं तेव्हा कारण दिसलं. कडेच्या प्लायचा सगळ्यात वरचा थर साडेतीनच्या जवळ सुटून वर उचलला होता, जेमतेम नखाच्या टोकाएवढा. त्या उंचवट्यावर कोन टेकतो आणि त्याच्या पुढे पाचपर्यंत अधांतरी राहतो. मे महिन्यात लाकूड सुकलं, थर खाली बसला, बझ गेला. पावसात फुगला, बझ आला. कोन अगदी निरोगी! बाहेरून कोन मागवायचा बेत होता, तो तिथेच रद्द. ऑर्डर देण्याआधी सगळ्यांनी काजळ लावून बघा. कोन महाग आहे, काजळाची डबी स्वस्त आहे.

दुरुस्ती सोपी होती. सुईच्या टोकाने फेव्हिक्विक थराच्या आत सोडलं, वर प्लास्टिकचा तुकडा ठेवून दाब दिला. नंतर वेलच्या भोकात जेमतेम मावेल अशी एमडीएफची चकती कापली, खाली आधी १२० आणि मग २४० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवला आणि नुसत्या हाताच्या वजनाने फिरवत राहिलो. ड्रिलला चकती लावायचा मोह होतो, तो आवरा. कड एका बाजूला उतरती झाली तर मग रडत बसायचं. पुन्हा काजळ: रेघ सलग. सगळं जुळवून तिसऱ्या तारेवर सा-पासून म-पर्यंत मींड घेतली. मध्यमावर बार थांबवला, आणि सूर विझेपर्यंत मागे काही नाही. त्या संध्याकाळी दुर्गा मनसोक्त वाजवला.

एवढ्यावर ही नोंद संपायला हवी होती. पण मोठ्या सरीनंतर रात्री आर्द्रतेचा काटा नव्वदीच्या वर जातो तेव्हा बझाची पुसटशी सावली परत येते. शेजारचा थर आता मान वर काढतोय असा अंदाज आहे. बल्ब लावलेल्या कपाटात रात्रभर ठेवली की सकाळी बरी असते, पण वाजवण्याआधी गिटार शेकून घ्यायची हे काही खरं नाही.

म्हणून कडच बदलायची. पहिला विचार फणसाचा. सावंतवाडीला चितार आळीत खेळणी कातणारे कारागीर आहेत, ते रिंग सुबक कातून देतील. मग लक्षात आलं की अखंड लाकडाची रिंग पावसात रेषांना आडव्या दिशेने फुगणार आणि गोलाची लंबगोल होणार. पितळी रिंगही डोक्यात येऊन गेली, पण खाऱ्या हवेत पितळेला टेकलेलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्यात कोनाचाच बळी जातो. आत्ता हे लिहिता लिहिता सुचतंय ते जास्त बरं वाटतंय: आयएस ७१० चा मरीन प्लाय. तो उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरतो, मग आपल्या पावसाला का नाही? रिंग कापायची, सगळ्या कडांना पातळ इपॉक्सी पाजायचा, वरची बाजू चकतीने सपाट करायची. म्हणजे फणस बाद. सॅडलसाठी मात्र मिरजेहून सतारीच्या घोडीचं हाड मागवायचं डोक्यात आहे. मेपलपेक्षा आवाज टोकदार होईल, आणि सतारीच्या गावातून आणलेलं काहीतरी या अमेरिकन पिंपात असावं ही हौसही आहे.

बाकी किरकोळ. लेथवाल्याकडून स्टेनलेसचा नवा टोनबार कातून आणला: १९ मिमी जाड, ७५ लांब, एक टोक गोल, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. रेझोचा सूर मोठा असतो पण लवकर विझतो, कोन सगळी ताकद झटकन हवेत फेकून देतो. इलेक्ट्रिक गिटार रुळण्याआधी, १९२८ साली डोब्रो ही रेझो काढणाऱ्यांना हवा होता तो हाच दणका. आलापाची गरज त्यांना नव्हती. वजनदार बारने मींड थोडी जास्त तगते. खोबणीचा बार धरायला सोपा आहे, पण माझ्या हातात गोल बारच रमतो.

तारांचं रडगाणं चालू आहे. मुंबईच्या एका दुकानाने रेझोच्या नावाखाली साधा ॲकूस्टिकचा सेट पाठवला, पहिली तार .०१२ इंच जाडीची. या गिटारीला .०१६ लागते, बारीक तारेचा दाब स्पायडरला पुरत नाही आणि मग नसलेले बझही ऐकू येतात. सेट परत गेला, पैसे अजून आलेले नाहीत. आहेत त्या तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसतो, तरी पहिल्या दोन तांबेरतातच.

भीमपलाससाठी दोन्ही बी अर्धा सूर उतरवून कोमल गंधार केला. ओपन तारा आता रागाच्या बाजूने गुणगुणतात. मात्र उतरवल्याने दाब किंचित कमी होतो, तेव्हा नवी रिंग बसल्यावर काजळाची चाचणी याही ट्यूनिंगमध्ये घ्यायची.

रिंगसाठी १२ मिमी प्लाय पाहून ठेवला आहे. आतली कड किती रुंद ठेवू यावर अडलोय. ७ मिमी मनात आहे, पण स्पायडरचे पाय काठाच्या बाहेरच्या अंगाला पडतात, तिथे थोडी जास्त हवी असं वाटतं. कुणी अशी रिंग बसवली असेल तर मापं कळवा, प्लाय कापायच्या आत.