विणीच्या हंगामात कॉट्सवोल्डला, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांबरोबर

भारतातून नुकतंच इंग्लंडला आलेलं आणि वर्गात अजून गप्प बसणारं मूल घरात असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये त्याला एकदा मेंढ्यांच्या विणीच्या शेडमध्ये न्या. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही कॉट्सवोल्ड फार्म पार्कला गेलो होतो, त्यानंतर मी हे भेटेल त्याला सांगते आहे. बरोबर माझी मुलगी, माझी बहीण आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा. मुलगी इथेच जन्मलेली, भाचा जानेवारीत जत तालुक्यातून आलेला. त्याच्या आजोबांकडे माडग्याळ मेंढ्या आणि शेरडं आहेत, आणि त्या दिवशी हीच गोष्ट कामाला आली.

हे ठिकाण ग्लॉस्टरशर परगण्यात, गायटिंग पॉवर गावाजवळच्या डोंगरमाथ्यावर आहे. आपली गाडी असेल तर उत्तम. ट्रेनने यायचं तर लंडनच्या पॅडिंग्टनहून मॉर्टन-इन-मार्शला थेट गाडी मिळते, पण पुढच्या टॅक्सीचं आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. तिकिटं ऑनलाइन काढून जा, सुट्टीत गर्दी असते. माथ्यावर वारा बोचरा असतो, एप्रिलमध्येसुद्धा कानटोपी लागते. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेतच.

जो हेन्सन यांनी १९७१ मध्ये हे फार्म लोकांसाठी खुलं केलं ते दुर्मीळ होत चाललेल्या देशी जाती वाचवण्यासाठी. दोन वर्षांनी अशा जातींसाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. त्यामुळे इथे नुसती गोंडस पिल्लं बघायला मिळतात असं नाही. लांब कुरळ्या लोकरीची कॉट्सवोल्ड मेंढी बघा. या भागातली मोठमोठी जुनी चर्चेस मध्ययुगातल्या लोकरीच्या व्यापारावर उभी राहिली, आणि विसाव्या शतकात तीच मेंढी जवळजवळ संपत आली होती. गडद तपकिरी, पाठीवर पांढरा पट्टा असलेली ग्लॉस्टर गायही मुलांना आवर्जून दाखवा. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये देवीच्या लशीचा पहिला प्रयोग केला, तो याच जातीच्या ब्लॉसम नावाच्या गाईपासून आलेल्या गोस्तन देवीवरून, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीसारख्या रोगावरून.

पण मुलांचा जीव अडकतो तो विणीच्या शेडमध्येच. वेळ काढायचा तर इथे काढा. गवताच्या पेंढ्यावर गाभण मेंढ्या, कठड्यापलीकडे आपण, आणि काम करता करता मेंढपाळ माइकवरून सगळं समजावून सांगत असतात. मेंढी साधारण १४७ दिवस गाभण राहते. पाच नोव्हेंबरला नर सोडला की एक एप्रिलच्या सुमाराला कोकरं, असा इथल्या शेतकऱ्यांचा जुना हिशेब आहे. नराच्या छातीला रंगाची कांडी बांधतात. तो ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीवर रंग उमटतो, आणि दर १७ दिवसांच्या आसपास रंग बदलला की कोण आधी विणार, कोण नंतर, हे रंगावरूनच कळतं.

आम्ही उभे होतो तेव्हा कोपऱ्यातली एक मेंढी पुढच्या पायाने पेंढा उकरायला लागली. बसायची, उठायची, मान वर करून दात दाखवायची. बाकीचे लोक बाटलीने दूध पिणाऱ्या कोकरांकडे बघत होते. भाच्याने माझी बाही ओढली, “मावशी, ही आत्ता विणार.” माझ्या तोंडावर आलं होतं की मीच सांगते त्यांना. पण बहिणीने मला डोळ्यांनीच थांबवलं. मग तो स्वतःच कठड्याला लागून मोठ्याने म्हणाला, “शी बेबी नाऊ!” मेंढपाळ बाई वळल्या, मेंढीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “येस, यू आर राइट. हाऊ डिड यू नो?” त्याने पेंढा उकरून दाखवला, मग म्हणाला, “माय ग्रँडफादर, मेनी शीप.” पुढचा सगळा वेळ त्या त्याच्याशीच बोलत होत्या. पाणमोट फुटली, आधी दोन खूर आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं, तेव्हा ते नीट येतंय हे त्याने त्यांच्याआधी ओळखलं होतं.

मला वाटतं, या मुलांच्या इंग्रजीचं असंच आहे. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ भरपूर असतं, ते विचारणारं कुणीतरी लागतं. तेव्हा दुभाषेपणा करू नका. मूल शब्द शोधत असताना आपण तोंड मिटून थांबणं फार अवघड असतं, तरीही थांबा. जाण्याआधी घरी तीन-चार प्रश्न मात्र पक्के करून घ्या: “हाऊ ओल्ड इज इट?”, “इज इट अ बॉय ऑर अ गर्ल?”, “कॅन आय टच इट?” पिल्लांची नावं तिथे समोर बघूनच पटकन बसतात. मेंढीचं लॅम्ब, शेळीचं किड, गाईचं काफ, डुकराचं पिगलेट, कोंबडीचं चिक. लॅम्बमधला शेवटचा ब बोलताना गाळतात, एवढं आधी सांगा. घोकंपट्टी नको. आम्ही नेलेली चित्रांची वही पिशवीतच राहिली ते बरंच झालं.

वेताला तीन कोकरं झाली की त्यातलं एक बहुधा बाटलीवर वाढवतात किंवा दुसऱ्या मेंढीला लावतात, कारण मेंढीला सड दोनच. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पोटात जायलाच हवा आणि नाळेला आयोडीन लावायला हवं. खरवस खाल्लेल्या मुलांना चिकाबद्दल सांगायला फार सोपं जातं.

एक प्रश्न मुलं विचारतीलच: मोठी झाल्यावर ही कोकरं कुठे जातात? बहुतेक नर मांसासाठीच जातात. खोटं सांगू नका. माझी मुलगी रडली, भाच्याला त्यात नवल वाटलं नाही, आणि घरी येताना दोघं गाडीत त्यावरच बोलत होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात कुणी गरोदर असेल तर तिने विणीच्या शेडमध्ये, नवजात कोकरांजवळ अजिबात जाऊ नये. व्यालेल्या मेंढीपासून होणाऱ्या काही संसर्गांनी गर्भपात होऊ शकतो. घरी आल्यावर बाकीच्यांचे मळके कपडे-बूटही तिने हाताळू नयेत. मुलांचे हात साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, जेलवर भागवू नका. जनावरांकडून येणारे काही जंतू जेलने मरत नाहीत. २००९ मध्ये सरे परगण्यातल्या एका फार्मला भेट दिलेली कितीतरी मुलं ई. कोलायच्या संसर्गाने आजारी पडली होती. जनावरांजवळ असताना खाणंपिणं, अंगठा चोखणं, चोखणी तोंडात देणं टाळा. डबा हात धुतल्यावर, खाण्याच्या जागीच उघडा. निघताना बुटांचे तळवे आणि बाबागाडीची चाकंही धुवून घ्या.

एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर चेशरमधलं रीझहीथ आणि ईस्ट ससेक्समधलं प्लम्पटन ही कृषी महाविद्यालयं वसंतात विणीचे दिवस लोकांसाठी खुले ठेवतात. तिथले विद्यार्थी फार आपुलकीने बोलतात. लंडनकरांना मडशूट, हॅकनी, स्पिटलफील्ड्सची सिटी फार्म्स विनामूल्य आहेत. विण बघायची असेल तर तारखा त्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्या. मेच्या मध्यापर्यंत बहुतेक कोकरं कुरणात गेलेली असतात आणि हाताशी येत नाहीत.