तुम्ही विचारलंत म्हणून : वर्ग करण्याआधी काय पाहायचे?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावातून अकरावीसाठी शहरात गेलेली मुले कापूस वेचणीच्या दिवसांत घरी आली की वही घेऊन माझ्याकडे येतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात : "सर, दोन्ही बाजूंचा वर्ग करून असमता सोडवली, आकडेमोड बरोबर आहे, तरी उत्तर चूक कसे?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. असमता म्हणजे दोन बाजूंतील लहानमोठेपणा सांगणारे विधान.

ऋण संख्या मुळात कशाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे राष्ट्रकूटांच्या काळात, ९व्या शतकात, गणिती महावीराचार्यांनी सांगून ठेवले आहे. √(२क्ष − ५) < ३ याचा वर्ग करून मुले क्ष < ७ लिहितात आणि तिथेच थांबतात; पण क्ष = ० घेतल्यास मूळचिन्हाखाली −५ येते. वर्ग करताच ते चिन्ह जाते आणि त्याने घातलेली अटही पुसली जाते, म्हणून क्ष ≥ ५/२ हा प्रांत, म्हणजे क्षला चालणाऱ्या किमती, आधीच लिहायचा. शेताचा धुरा, म्हणजे हद्द, ठाऊक नसताना पेरणीला कोणी हात घालत नाही. उत्तर ५/२ ≤ क्ष < ७.

खरी अडचण याच्या पुढची आहे आणि ती पुरेशी शिकवली जात नाही, याचे मला वाईट वाटते. √(क्ष + ३) > क्ष − ३ हे उदाहरण एका मुलीने क्ष ≥ −३ हा प्रांत नीट लिहून सोडवले होते, तरी तिचे उत्तर १ < क्ष < ६ असे अपुरे आले. मी तिला क्ष = −२ ठेवायला सांगितले. डावीकडे १ आले, उजवीकडे −५. असमता खरी, पण −२ तिच्या उत्तरात नव्हता. १ हा −५ पेक्षा मोठा असला तरी १ हा २५ पेक्षा लहान आहे. दोन्ही बाजू ऋण नसतील तेव्हाच वर्ग केल्यावर लहानमोठेपणा टिकतो. क्ष < ३ असताना उजवी बाजू ऋण असते आणि वर्गमूळ कधीच ऋण नसते, म्हणून −३ ≤ क्ष < ३ हा सगळा भाग वर्ग न करताच उत्तरात येतो. क्ष ≥ ३ असेल तेव्हा वर्ग करावा : क्ष² − ७क्ष + ६ < ०, म्हणजे ३ ≤ क्ष < ६. दोन्ही मिळून −३ ≤ क्ष < ६.

हीच असमता उलट्या चिन्हाने दिली, तर वर्ग केल्यावर क्ष < १ हा तुकडाही हाती येतो. पण तिथे उजवी बाजू ऋण असल्याने तो पूर्ण सोडावा लागतो आणि क्ष > ६ एवढेच उरते.