आपल्या मालाचं कोण बोलणार?

काल बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काकांच्या मशीन शॉपवर चहा पिताना परत २०१९ चा विषय निघाला. त्या ५ जूनला अमेरिकेनं भारताचं जीएसपी काढून घेतलं, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला आयात ड्युटीत मिळणारी सूट, आणि आम्ही ज्यांचं कास्टिंग मशीनिंग करून देतो त्या एक्स्पोर्टरचा लगेच फोन, रेट कमी करा म्हणून. गाडीच्या पार्टवर तेव्हा अडीच टक्के ड्युटी लागली, ऐकायला किरकोळ वाटतं पण जॉबवर्कमध्ये उरतंच किती ओ? काकांनी गुमान रेट उतरवला.

तेव्हापासून मी हे सगळं वाचत सुटलोय. ही सूट द्यायची असं ठरलं ते आपल्याच दिल्लीत, १९६८ च्या अंक्टाड म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत. युरोपच्या सामायिक बाजारानं १ जुलै १९७१ पासून ती चालू केली, पण हाँगकाँगचं कापड आणि पादत्राणं त्यातून बाहेर ठेवली. का, तर त्यांचा माल स्वस्त आणि चांगला, तिथल्या कारखान्यांना भीती वाटायची. म्हणजे जे विकून तिथली माणसं पोट भरत होती नेमकं तेच बाहेर!

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. हाँगकाँग ब्रिटिशांची वसाहत, त्यामुळं गॅटमध्ये, म्हणजे देशादेशांतल्या व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या करारात, त्यांच्या वतीनं बोलायचं ब्रिटननं, आणि त्याच ब्रिटननं आपल्या लँकेशायरच्या गिरण्या वाचवायला १९५९ लाच हाँगकाँगच्या सुती कापडावर मर्यादा घालून घेतलेली. मग हा माणूस तुमच्यासाठी जीव तोडून भांडेल कसा? हाँगकाँगला गॅटमध्ये स्वतःची जागा मिळाली ती १९८६ ला. आणि १९८९ ला अमेरिकेनं हाँगकाँग, तैवान, दक्षिण कोरिया, सिंगापूर चौघांचीही सूट बंद केली, तुम्ही आता मोठे झालात म्हणून.

आपला देश मोठा आहे, दिल्लीची माणसं स्वतः बोलणी करतात, ते खरं. पण बोलणीला बसायच्या आधी कुणीतरी बेळगावच्या फाउंड्रीवाल्याला, जॉबवर्कवाल्याला विचारावं असं मला मनापासून वाटतं, कारण अर्ध्या टक्क्याचा फरक कुठं बसतो ते त्याला तोंडपाठ असतंय.

काकांना हाँगकाँगचं सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, आता कुठलाही करार झाला की आधी आपल्या पार्टचा कस्टमचा कोड ड्युटीच्या यादीत कुठं बसलाय ते बघून सांग मला.