स्टॉर्मंट सुरू झाले, कलम तेच राहिले

सुटीच्या दिवशी परक्या विधानसभेचे कामकाज पाहण्याची मला हौस नाही. परंतु ३ फेब्रुवारी २०२४ च्या शनिवारी बेलफास्टच्या स्टॉर्मंट येथे, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत, दोन वर्षांच्या खंडानंतर सरकार स्थापन होत होते, म्हणून मी थेट प्रक्षेपण लावून बसलो. फर्स्ट मिनिस्टर झालेल्या शिन फेन पक्षाच्या मिशेल ओनील यांनी उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात गेलेल्या सर्व जिवांबद्दल, कोणताही अपवाद न करता, खेद व्यक्त केला. डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर म्हणून उभ्या राहिलेल्या डीयूपी पक्षाच्या एमा लिटल-पेंगली यांनी मार्केटहिलमधील आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटानंतरचा विध्वंस आपण अकराव्या वर्षी पाहिल्याचे सांगितले. एकीला आयर्लंडचे एकीकरण हवे, दुसरीला ब्रिटनशी असलेले नाते तसूभरही ढिले झालेले चालत नाही.

‘डेप्युटी’ या शब्दावर मात्र जाऊ नये, कारण दोन्ही पदांचे अधिकार अगदी समान आहेत आणि एकीने राजीनामा दिला की दुसरीचे पदही आपोआप जाते. आपल्याकडे युती मोडली तर दुसरी जुळवता येते. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतरच्या उत्तर आयर्लंडमध्ये ती सोय नाही, कारण तेथे युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारा) आणि नॅशनलिस्ट (आयर्लंडचे एकीकरण हवे असलेला) या दोन्ही समाजांनी मिळून राज्य करणे हीच सरकार असण्याची अट आहे. जानेवारी २०१७ मध्ये शिन फेनचे डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस यांनी लाकडी इंधनाच्या गोळ्या जाळणाऱ्या बॉयलरवरील अनुदानाच्या घोटाळ्यावरून राजीनामा दिला, तेव्हा सरकार तीन वर्षे बंद राहिले. (इंधनाच्या खर्चाहून अनुदान जास्त होते, त्यामुळे जितके जाळावे तितकी कमाई!) फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या तपासणीला विरोध म्हणून डीयूपीचे फर्स्ट मिनिस्टर पॉल गिव्हन बाहेर पडले. मे महिन्यात निवडणूक होऊनही ९० आमदारांच्या सभागृहाला साधा सभापती निवडता आला नाही.

कोंडी फुटली त्याचे श्रेय या सागरी तपासणीबाबत लंडनने काढलेल्या नव्या कागदपत्रांना दिले जाते. मला वाटते, ३.३ अब्ज पौंडांच्या मदतीचा आणि लोकांच्या संतापाचा वाटाही कमी नव्हता. वेतनवाढीचा पैसा सरकार स्थापन झाल्यावरच मिळेल, असे लंडनने सांगितले होते, आणि १८ जानेवारीला शिक्षक, परिचारिका, बसचालक असे सुमारे दीड लाख कर्मचारी संपावर गेले. सागरी तपासणीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

खरी अडचण मोजणीत आहे. प्रत्येक आमदाराला स्वतःची नोंद युनियनिस्ट, नॅशनलिस्ट किंवा ‘इतर’ अशी करावी लागते. २०२२ मध्ये १७ जागा जिंकलेला अलायन्स पक्ष ‘इतर’मध्ये मोडतो, त्यामुळे महत्त्वाच्या ठरावांवर त्याची मते एकूण बेरजेत येतात, पण दोन्ही समाजांची संमती तपासताना गणली जात नाहीत. रक्तपात थांबवण्यासाठी १९९८ मध्ये ही तरतूद आवश्यक होती, हे मी मान्य करतो. पण ज्यांनी कोणत्याही गटात बसायचे नाकारले, त्यांचेच मत हलके ठरावे, हे मला पटत नाही. अलायन्सने बदलाची मागणी लावून धरली. तरीही एकाच्या राजीनाम्याने दोघांची पदे घालवणारे कलम फेब्रुवारी २०२४ च्या तडजोडीने जसेच्या तसे ठेवले.