बोटेझरीचा पिंजरा आणि गोठ्यातली बाटली

चंद्रपूरहून मूलकडे निघालं की डाव्या हाताला ताडोब्याचं कोळसा वनपरिक्षेत्र लागतं. सागवान, बांबू, मधेच गवताचं बोडकं कुरण. याच भागातल्या बोटेझरीला जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं आली. बोटेझरी गाव तर २००७ सालीच उठून मूलकडे गेलंय. माणसं गेलेल्या जागी आता पक्षी वसवायचे आहेत.

वाघ बघायला आलेल्या पर्यटकाला यात गंमत वाटणार नाही. गिधाड दिसायला देखणं नाहीच, आणि वाढायलाही संथ. वर्षाला एकच अंडं, पन्नासेक दिवस उबवण, वयात यायला पाचेक वर्षं. पिंजोरला यावर तोड काढली ती अशी: पहिलं अंडं काढून उबवण यंत्रात ठेवायचं, म्हणजे जोडी बऱ्याचदा दुसरं घालते.

पिंजरा कधी उघडायचा, हा खरा पेच. घाई केली तर पक्ष्याला आसपासची ओळख नसते, म्हणून आधी काही महिने जागेवरच ठेवतात. पाठीवरच्या ट्रॅकरचं वजन पक्ष्याच्या तीन टक्क्यांच्या आत हवं. पाच किलोच्या गिधाडाला दीडशे ग्रॅमच्या वर नको. इतकं करूनही यातला एक पक्षी थेट तमिळनाडूपर्यंत गेला. म्हणजे राखीव जंगलाची हद्द त्याच्या लेखी काहीच नाही.

गेंड्यांच्या बाबतीत उशीर झाला. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याचे चार जीव २००९ मध्ये चेक प्राणिसंग्रहालयातून केनियात नेले. पिल्लू झालं नाही. सुदान हा शेवटचा नर मार्च २०१८ मध्ये गेला, आता दोन माद्या उरल्यात. दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्याची, म्हणजे त्याच्या भावंडाची, संख्या शंभराच्या खाली गेली होती, ती हजारोंवर आली ती रानातल्या राखणीमुळे. पिंजरा बियाणं टिकवतो, शेत नाही.

गिधाडांचं शेत नासवलं डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने. सुई दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की मूत्रपिंड बंद पडतं, आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो. शंभरातल्या एका मढ्यात औषध असलं तरी अख्खे थवे संपायला पुरतं. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, तर माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात शिरल्या. म्हणून २०१५ पासून कुपी तीन मिलीचीच. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी बंदीत गेली.

त्यामुळे मूल, सिंदेवाहीच्या बाजूला फिरताना पिंजऱ्यापेक्षा गोठ्यातलं लेबल वाचावं. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडाला चालतं. मात्रा किलोला अर्धा मिलिग्रॅम. तीनशे किलोच्या बैलाला दीडशे, म्हणजे पाच मिलिग्रॅम प्रतिमिलीच्या औषधाची तीस मिलीची पूर्ण बाटली. सुई अर्थात डॉक्टरांनीच द्यावी. इथेच घोळ होतो: बाटली पुरवून पुरवून अर्धीच टोचली की बैल कण्हत राहतो, आणि मालक म्हणतो, "ह्या औषधात दमच नाही."

भलतीच सुई दिलेलं जनावर तीन-चार दिवसांत दगावलं, तर ते ढोरफोडीच्या जागी टाकू नये. खोल खड्डा करून पुरावं.